बाहेर खेळायला जायचंय ना?

सोन्या, परवा फोनवर "ताई, मला बाहेरच्या देशातल्या फुटबॉल क्लबकडून खेळायचंय" म्हणालास, तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागलाय. मला मात्र बरं वाटलं. पण जायचंच तर काय काय वाढून ठेवलंय, ते माहीत असू दे.

गोव्याचा रोमिओ फर्नांडिस तुझ्यासारखाच मिडफिल्डर. 2014 मध्ये एफसी गोवाकडून कोच झिकोच्या हाताखाली चमकला आणि 2015 मध्ये ब्राझीलमध्ये कुरिटिबाच्या अत्लेतिको परानेन्स क्लबात लोनवर गेला. तिथं त्याला मैदानात उतरायला फारच थोडं मिळालं. परत आला, पुन्हा गोव्याकडून खेळला, मग दिल्लीकडून. याला कुणी अपयश म्हटलं की मला राग येतो. बहुतेक खेळाडूंचं आयुष्य असंच जातं रे. करार संपला की नवं गाव, नवा कोच, आणि संघातली जागा परत पहिल्यापासून कमवायची.

खेळ वेगळा, क्रिकेटचा, पण आमच्या सांगलीच्या स्मृती मानधनाचंच बघ. ऑस्ट्रेलियात ती ब्रिस्बेन, होबार्ट, सिडनी, ॲडलेड अशा चार संघांकडून खेळली. एवढी मोठी खेळाडू, तरी संघ बदलतच गेले. ब्रिस्बेनच्या पहिल्याच मोसमात, जानेवारी 2017 मध्ये, तिचा गुडघा दुखावला. लिगामेंटच गेलं. कित्येक महिने खेळ बंद. तरी त्याच जूनमध्ये वर्ल्ड कपला तिनं टाँटनच्या मैदानावर वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद 106 केल्या! पुढच्या वर्षी त्याच टाँटनच्या वेस्टर्न स्टॉर्मकडून ती खेळली.

मिडफिल्डमध्ये तर गुडघ्यावर सतत ताण. म्हणून करार हातात आला की पगाराच्या आकड्याआधी हे बघ: दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कुणाचा, आणि त्या काळात पगार चालू राहणार का? करार पोर्तुगीज नाहीतर ग्रीकमध्ये असला तर जाणकाराकडून समजून घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही.

आणखी एक. अठरा पूर्ण होईपर्यंत फिफाच्या नियमानं परदेशी क्लब तुला सहसा घेऊच शकत नाही. अपवाद आहेत, पण मोजकेच. त्यामुळं आत्ताच कुणी "ट्रायलला नेतो, दोन लाख भरा" म्हणाला, तर साताऱ्याच्या घरात त्याला चहासुद्धा विचारू नका. एजंटला फिफाचा परवाना लागतो, तो आधी मागायचा. तुझी इथली नोंदणीही व्यवस्थित हवी. देश बदलताना आपल्या फेडरेशनकडून ट्रान्स्फर सर्टिफिकेट गेल्याशिवाय तिकडे अधिकृत सामना खेळता येत नाही.

बाबांशी मी बोलते, ते माझ्यावर सोड. तू बारावी नीट दे, पासपोर्ट काढून ठेव, आणि कसलाही कागद पुढं आला तर सही करण्याआधी मला सांगलीला पाठव.