भरली गाडी लवकर का थांबत नाही?

उसाने भरलेली ट्रॉली तुम्ही पाहिली असेल. ती जागची हलवताना ट्रॅक्टरला केवढा जोर लावावा लागतो! पण एकदा चाके फिरू लागली, की काम सोपे होते. पुढे उतार लागतो. वाटेत गुरे आडवी येतात. ड्रायव्हर ब्रेक दाबतो, तरी गाडी थांबता थांबत नाही. असे का होते? हे नीट समजले तर जीव वाचतो.

शेतातला धोंडा आपणहून हलत नाही. त्याला ढकलावे लागते. तशीच चालती वस्तू आपणहून थांबत नाही. तुम्ही म्हणाल, "बैलांनी ओढणे सोडले की गाडी थांबतेच की!" खरे आहे. पण तिला कोणीतरी थांबवते. आस आणि चाक एकमेकांना घासतात. जमीनही चाकाला अडवते. या अडवण्याला घर्षण म्हणतात. आपण आसाला वंगण घालतो ते घर्षण कमी करण्यासाठीच.

एस.टी. एकदम थांबली की आपण पुढे झुकतो. गाडी थांबली, पण आपल्या अंगाची चाल थांबली नाही. चालत्या गाडीतून उडी मारणारा याचमुळे तोंडावर पडतो. त्याचे पाय जमिनीवर थांबतात, पण वरचे अंग पुढेच जाते.

ओढणे किंवा ढकलणे याला बल म्हणतात. गाडी हलवायला बल लागते, तसे थांबवायलाही लागते. किती लागते? ते दोन गोष्टींवर ठरते. एक भार आणि दुसरी वेग. या दोहोंचा गुणाकार म्हणजे संवेग. संवेग जितका मोठा, तितके थांबवणे अवघड.

आता हिशेब करू. समजा, ट्रॅक्टर आणि रिकामी ट्रॉली मिळून ४ टन भरतात. ताशी २० किलोमीटर वेग आहे. ब्रेक लागल्यावर गाडी ५ मीटरवर थांबते. आता ट्रॉलीत ८ टन ऊस भरला. एकूण भार १२ टन, म्हणजे तिप्पट झाला. ब्रेकचे बल तेवढेच राहिले, तर गाडी १५ मीटरवर थांबेल.

वेग दुप्पट, म्हणजे ताशी ४० केला तर? तुम्हाला वाटेल, ३० मीटर. नाही! थांबायला वेळ दुप्पट लागतो. त्या वेळात गाडी धावतेही दुप्पट वेगाने. म्हणून अंतर चौपट होते. भरली गाडी ६० मीटरवर थांबेल. तोवर आडवे आलेले गुरू वाचेल का?

आणखी एक गोष्ट. बैल खुराने जमीन मागे रेटतो. जमीन उलट त्याला पुढे रेटते. म्हणून तो चालतो. चिखलात खूर घसरतो, कारण जमीन उलट रेटा देत नाही. ब्रेकचेही तसेच आहे. ब्रेक फक्त चाकाला धरतो. गाडीला थांबवते ती जमीन. ओल्या रस्त्यावर चाक घसरते आणि गाडी पुढे जाते.

हे तीन नियम इंग्लंडच्या आयझॅक न्यूटन यांनी १६८७ साली आपल्या ग्रंथात मांडले. पण ते आपल्या गाडीवाटेवरही तितकेच खरे आहेत.

म्हणून ध्यानात ठेवा :
ट्रॉलीत बेताचाच माल भरा.
उतार लागण्याआधीच वेग कमी करा. गाडी खालच्या गियरमध्ये घ्या. उतारावर गियर काढू नका.
पावसात पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा.
चालत्या गाडीत चढू नका, उतरू नका.

उत्तरे सांगा :
१. आसाला वंगण का घालतात?
२. वेग तिप्पट केला, तर थांबायला किती पट अंतर लागेल?
३. गवंडी वीट झेलताना हात मागे का घेतो? आपापसात बोलून ठरवा.