बंदुकीशिवाय देशाचे रक्षण : नॉर्वेच्या शिक्षकांचा लढा

देशाचे संरक्षण म्हटले की सैन्य, सरहद्द आणि तोफा डोळ्यांसमोर येतात. सैन्य हरले की देश हरला, असे आपण शाळेपासून शिकत आलो. परंतु प्रदेश जिंकणे वेगळे आणि तेथे राज्य चालवणे वेगळे. राज्य चालवायला जेत्याला शिक्षक लागतो, रेल्वेचा कर्मचारी लागतो, पोस्टमन लागतो, कारकून लागतो. (एका सहीवाचून दिवसभराचे काम कसे अडते, हे बँकेच्या काउंटरच्या दोन्ही बाजूंना ठाऊक असते!) या सर्वांनी मिळून हुकूम नाकारला तर? अमेरिकन अभ्यासक जीन शार्प यांनी या प्रश्नाचा आयुष्यभर अभ्यास केला. आपल्याकडील नागरी संरक्षण दलाशी याचा संबंध नाही. येथे सामान्य नागरिकांचा पूर्वतयारीने केलेला असहकार हेच संरक्षण होय.

नॉर्वेचे उदाहरण विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावे. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने आक्रमण केले व सुमारे दोन महिन्यांत नॉर्वेचे सैन्य शरण गेले. फेब्रुवारी १९४२ मध्ये नाझींच्या पाठिंब्याने क्विसलिंग हा पंतप्रधान झाला. त्याने लगेच शिक्षकांसाठी सक्तीची सरकारी संघटना काढली आणि मुलांसाठी सक्तीची युवक संघटना. म्हणजे शाळेतून नाझी विचार शिकवायचा बेत.

तेव्हा ओस्लोतील एका गुप्त गटाने नकाराचे दोन-तीन ओळींचे पत्र तयार केले. देशातील सुमारे १२,००० शिक्षकांपैकी ८,००० हून अधिक जणांनी तेच पत्र स्वतःच्या नावापत्त्यानिशी सरकारला पाठविले. निनावी पत्र पाठविणे सोपे होते. यांनी पत्ता लिहिला, हे विशेष. सरकारने बडतर्फीची धमकी दिली. इंधनाच्या टंचाईचे कारण सांगून महिनाभर शाळा बंद केल्या. शिक्षक घरोघरी शिकवू लागले आणि पालकांची निषेधपत्रे सरकारकडे ढिगाने येऊ लागली. मार्चमध्ये १,००० हून अधिक शिक्षकांना अटक झाली. छावणीत त्यांना उपाशी ठेवून बर्फातून रांगायला लावले, तरी माघार घेणारे थोडेच निघाले. सुमारे ५०० जणांना जहाजात कोंबून उत्तर ध्रुववृत्तापलीकडील किर्केनेस बंदरावर मजुरीला पाठविले.

शाळा पुन्हा उघडल्या, पण ती संघटना उभी राहिली नाही. नोव्हेंबरपर्यंत शिक्षक घरी परतले.

आता दुसरी बाजू. त्याच नोव्हेंबरात ओस्लोच्या धक्क्यावरून ५०० हून अधिक ज्यूंना एका जहाजाने ऑशविट्झच्या वाटेवर धाडण्यात आले. युद्धकाळात नॉर्वेतून असे ७०० हून अधिक ज्यू नेले गेले. परतले ते अगदी मोजके. नॉर्वेतील पोलिसांनीच त्यांना पकडून दिले. गुप्तपणे अनेक ज्यूंना स्वीडनमध्ये पोहोचविणारे लोक होते, हे खरे. पण पोलिसांचा संघटित नकार मात्र आला नाही. जेथे नोकरदारांनी हुकूम पाळला तेथे जेत्याचे काम झाले. आणि १९४५ साली देश मुक्त झाला तो दोस्त राष्ट्रांच्या सैन्यापुढे जर्मनी हरल्यामुळे. म्हणून, हा मार्ग सैन्याची जागा पूर्णपणे घेऊ शकतो असे मला आज तरी म्हणवत नाही. मात्र सैन्य हरल्यावरही देशाकडे काहीतरी उरते, हे नाकारता येणार नाही.

लिथुआनियाने हे ओळखले. १३ जानेवारी १९९१ रोजी व्हिल्नियसच्या टेलिव्हिजन मनोऱ्याभोवती निःशस्त्र लोक सोव्हिएत रणगाड्यांसमोर उभे राहिले. त्या रात्रीच्या हल्ल्यात १४ जणांचा बळी गेला. पुढच्याच महिन्यात तेथील संसदेने, देश व्यापला गेल्यास अहिंसक असहकाराला प्राधान्य द्यावे, असा ठराव केला. शार्प यांचे लेखन तेथील संरक्षण अधिकाऱ्यांच्या हाती होते. स्वतंत्र झाल्यावर त्या देशाने सैन्य उभारले, २००४ मध्ये तो नाटोतही गेला. तरी हा विचार त्याने टाकला नाही. २०१५ साली तेथील संरक्षण मंत्रालयाने नागरिकांसाठी एक पुस्तिका काढली. शत्रू आल्यास काय करावे, हे तीत सांगितले आहे : निदर्शने करा, संप करा, आणि तेवढे जमले नाही तर निदान कामावर आपले काम नेहमीपेक्षा वाईट करा!