खडकावर चढण्यासाठी बूट कसा निवडावा

काशीचा शिंदे घाट दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८३० च्या सुमारास बांधविला. बांधकामाच्या प्रचंड भाराने त्याचा काही भाग पुढे खचला. घाटाच्या पायथ्याचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर सुमारे ९ अंशांनी कललेले आहे. या घाटाच्या वरच्या, कोरड्या पायऱ्यांवरून अनवाणी माणूस निर्धास्तपणे उतरतो. परंतु पाण्यालगतच्या, गाळ व शेवाळ साचलेल्या पायरीवर तोच माणूस घसरतो. पाऊल तेच आणि दगडही तोच. फरक पडतो तो दोहोंमध्ये आलेल्या निसरड्या थरामुळे. दगडावर पाऊल कशाच्या बळावर टिकते, हे कळले म्हणजे प्रस्तरारोहणाचा बूट निवडणे सोपे होते.

उतार व घर्षण

उतारावर ठेवलेल्या वस्तूला तिचे वजन खाली ओढते आणि घर्षण तिला अडवून धरते. पायाच्या दर १०० सेंटिमीटर लांबीमागे उतार जितके सेंटिमीटर उंच जातो, त्याला १०० ने भागले असता त्या उतारावर टिकण्यास लागणारा घर्षणांक मिळतो. रत्नेश्वराच्या मंदिराइतक्या, म्हणजे ९ अंशांच्या उतारास सुमारे ०.१६ एवढा घर्षणांक पुरतो. ४५ अंशांच्या कातळाला मात्र १ घर्षणांक लागतो. उतार याहून तीव्र झाला की केवळ घर्षणावर विसंबून भागत नाही. खडकाच्या खाचा व कंगोरे यांचा आधार घ्यावा लागतो.

रबराचे वैशिष्ट्य

घर्षण हे स्पर्श करणाऱ्या पृष्ठभागाच्या विस्तारावर अवलंबून नसते, असा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँताँ यांनी १६९९ मध्ये मांडला. मऊ रबर हा नियम पूर्णपणे पाळीत नाही. दाब पडताच ते खडकाच्या बारीक खळग्यांत शिरते. म्हणून जितका अधिक भाग खडकाला खरोखर भिडेल, तितकी पकड वाढते. प्रस्तरारोहणाच्या बुटाचा तळ नक्षीविरहित व गुळगुळीत ठेवतात, याचे कारण हेच. चिखलाच्या वाटेवर मात्र खोल खाचांचा तळ उपयोगी पडतो, कारण त्या खाचा चिखलात रुततात आणि पाण्याला बाहेर पडण्यास वाट देतात.

कामास अनुरूप पादत्राण नसल्याची किंमत मोठी असू शकते. १९३५ मध्ये इटलीतील आल्प्स पर्वतात पुंता राझीका या शिखरावर एका तुकडीतील सहा गिर्यारोहक वादळात सापडून मृत्यू पावले. कातळ चढण्यासाठी त्यांनी हलकी पादत्राणे घातली होती. बर्फ व थंडी यांपुढे ती निरुपयोगी ठरली. त्या तुकडीसोबत असलेल्या विताले ब्रामानी यांनी यानंतर खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. त्याच दशकात पॅरिसजवळील फाँतेनब्लो येथील खडकांवर चढणारे पिएर अलँ यांनी गुळगुळीत रबरी तळाचा बूट घडविला. एकाच पदार्थाचे हे दोन तळ दोन निरनिराळ्या कामांसाठी निर्माण झाले.

निवड कशी करावी

प्रथम कातळाचा विचार करावा. सह्याद्रीच्या बसाल्टवर अरुंद कंगोऱ्यावर उभे राहावयाचे असेल, तर ताठ तळाचा बूट बरा. तो बोटांवरील ताण कमी करतो. खाचा नसलेल्या, खरखरीत उतारावर चवडा सपाट दाबावा लागतो. तेथे लवचीक तळ अधिक चांगला. बोटांकडे खाली वाकलेला बूट पुढे झुकलेल्या कड्यासाठी असतो. नवशिक्याने सपाट आकाराचाच घ्यावा.

त्यानंतर पाऊल पाहावे. दिवसभराच्या चालण्याने पाऊल थोडे फुगते, म्हणून बूट सायंकाळी घालून पाहावा. टाचेमागे पोकळी नसावी. बोटे पुढच्या टोकाला टेकावीत, परंतु ती वेदना होईल इतकी दुमडू नयेत. कातडी बूट वापराने सैल होतो, कृत्रिम धाग्यांचा त्यामानाने कमी. आखूड बुटाने पकड वाढते ही समजूत अर्धसत्य आहे: पाऊल आत सरकू नये एवढाच घट्टपणा पुरेसा असतो. दीर्घकाळ अतिघट्ट बूट वापरल्यास अंगठ्याच्या सांध्यात विकृती येऊ शकते. वाढत्या वयातील मुलांच्या बाबतीत ही दक्षता विशेष महत्त्वाची होय.

बूट कितीही उत्तम असला, तरी ओल्या शेवाळावर तो भरवशाचा नाही. रबर आणि दगड यांच्यामध्ये निसरडा थर आला की त्यांचा परस्परांशी स्पर्शच तुटतो. म्हणून कड्याच्या पायथ्यापर्यंत साध्या बुटांनी जावे, तळ पुसून कोरडा करावा आणि मगच चढण्यास आरंभ करावा.

प्रयोग

एका खरखरीत दगडी फरशीवर जुना रबरी तळाचा बूट ठेवून फरशीचे एक टोक हळूहळू उचलावे. बूट घसरू लागताच उचललेल्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजावी. त्या टोकाच्या सरळ खालील बिंदूपासून टेकलेल्या टोकापर्यंतचे जमिनीवरील अंतरही मोजावे. उंचीला या अंतराने भागले असता घर्षणांक मिळतो. फरशी प्रथम कोरडी, मग ओली व शेवटी चिखलाने माखलेली घेऊन तिन्ही आकडे शेजारी शेजारी मांडावेत.