शिट्टी न वाजणारे चौक

युरोपात गाडी चालवली म्हटलं की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला: "उजवीकडून चालवणं जमते का बावा?" जमतं. फ्लॉरेन्सच्या विमानतळावर भाड्याची गाडी घेऊन आम्ही दोघं टस्कनीत फिरलो. भर रहदारीत बाजू चुकत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवत असते. धोका रिकाम्या रस्त्यावर. पेट्रोल पंपातून बाहेर पडताना किंवा पहाटे हॉटेलच्या गल्लीतून निघताना समोर कुणी नसतं, आणि हात सवयीने गाडी डावीकडे घेतो. म्हणून एक खूण धरून ठेवा: चालवणारा रस्त्याच्या मध्याकडच्या अंगाला बसलेला हवा. ही खूण वर्धा रोडवरही खरी आणि तिथेही. शेजारच्या माणसाने दर वळणाला "उजवी बाजू" असं मोठ्याने म्हणायचं. सौंनी ते काम इतकं मनावर घेतलं, की पायी फिरतानाही त्या मला उजवीकडे ढकलत होत्या.

गिअर उजव्या हाताला येतो. इंडिकेटरची दांडी आपल्या बहुतेक गाड्यांत उजवीकडे असते, तिकडे डावीकडे. त्यामुळे वळायला गेलं की वायपर सुरू होतो. लख्ख उन्हात वायपर हलवत चाललेली गाडी दिसली, तर आत आपलंच कुणीतरी आहे असं समजावं.

हे सगळं हाताला लवकर बसतं. खरी अडचण वेगळीच आहे. आपला रस्ता बोलका. व्हरायटी चौकात चुकीच्या बाजूला शिरा, पोलिसाची शिट्टी वाजेल, मागचा हॉर्न देईल, पानठेल्यावरचा माणूस हात हलवून "तिकडून जा" म्हणेल. तिथे कुणी काही म्हणत नाही. पाटी असते, कॅमेरा असतो, बस.

माझ्या साडूंना हे महागात पडलं होतं, म्हणून मी जाण्याआधीच सावध झालो. इटलीच्या बहुतेक जुन्या शहरांचा गाभा म्हणजे 'झेडटीएल', मर्यादित वाहतुकीचा भाग. पांढरी गोल पाटी, तिला लाल कड, खाली वेळा. फ्लॉरेन्समध्ये शेजारी दिव्यांची पाटीही असते: 'व्हार्को आत्तीव्हो' पेटलं असेल तर आत जायचं नाही, मध्ये 'नॉन' असेल तर रस्ता मोकळा. फाटक नाही, साखळी नाही. कॅमेरा नंबर टिपून घेतो. मोबाइलचा नकाशा कधी सांगतो, कधी खुशाल आत पाठवतो. साडू हॉटेल शोधत तीच गल्ली पुन्हा पुन्हा फिरले, आणि जितक्या वेळा कॅमेऱ्यासमोरून गेले तितके दंड लागले.

हॉटेल आतल्या भागात असेल तर आधीच फोन करून विचारा. सामान उतरवण्यापुरता गाडीचा नंबर नोंदवून देण्याची सोय अनेक हॉटेलांत असते. मला विचाराल तर शहरात गाडी नेऊच नका. फ्लॉरेन्ससाठी ए-वन महामार्गालगत व्हिला कोस्तान्झाचा वाहनतळ आहे. तिथे गाडी ठेवा आणि ट्रामने शहरात जा. गाडीची मजा गावागावांमधल्या डोंगररस्त्यांवर आहे, दगडी गल्ल्यांत नाही.

आपल्या काही सवयी मात्र घरी ठेवून जा. लाल दिव्याला आपण फ्री लेफ्ट घेतो. तिथे त्याच्या उलट फ्री राइट असेल असं मनात येतं. तो नसतो. वेगळा बाण हिरवा झाल्याशिवाय वळायचं नाही. पाटी, सिग्नल काहीच नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, मग तो कितीही बारक्या गल्लीतून येवो. झेब्रावर माणूस पाय टाकायच्या बेतात दिसला तरी थांबा. गावात हॉर्न फक्त धोक्यापुरता. पार्किंगच्या निळ्या रेषा पैशाच्या, पिवळ्या राखीव. पांढऱ्या बहुधा फुकट, पण फ्लॉरेन्समध्ये त्या पुष्कळदा रहिवाशांच्या निघतात, तेव्हा पाटी वाचा.

महामार्गाची मर्यादा 130, पाऊस असेल तर 110. समृद्धीवर 120 ने गेलेल्याला त्यात नवल वाटणार नाही. पण तिथे अनेक टप्प्यांवर दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात. कॅमेरा दिसला की ब्रेक दाबायची युक्ती उपयोगी पडत नाही. टोलनाक्यावर नुसत्या 'टेलिपास' लिहिलेल्या पिवळ्या रांगेत शिरू नका. ती त्यांच्या फास्टॅगवाल्यांची.

कागदांचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओकडूनच मिळतो. अर्ज नमुना 4अ, शुल्क 1000 रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याला अर्थ नाही. ही सोय पाहुण्यांसाठी आहे. जर्मनीत राहायलाच गेलेल्या मुलांना भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं, पुढे तिथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते.

गाडी परत केली म्हणजे प्रकरण संपलं असं नाही. भाड्याचा करार, परतीच्या वेळचे गाडीचे फोटो आणि पैसे भरलेलं कार्ड वर्षभर सांभाळा. परदेशी पत्त्यावर नोटीस पाठवायला इटलीचा कायदा 360 दिवस देतो. आधी भाडे कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याचे पैसे कार्डावरून कापते. तो दंड नव्हे, दंड वेगळा येतो. साडूंनी तोच दंड समजून विषय मिटवला होता. पुढे कित्येक महिन्यांनी मनीषनगरच्या घरी इटलीची पाकिटं येऊन पडली. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत पैसे भरले तर 30 टक्के सूट मिळते, आणि पाकिटं आली तेव्हा साडू पचमढीला होते.