उन्हाळ्यांत गवत कापण्याच्या यंत्रास तेल कोणतें घालावें ?

आमच्या वरूडकडील संत्र्याच्या बागांतून गवत कापण्याचीं लहान पेट्रोल-यंत्रें येऊन आतां बरींच वर्षें झालीं. आंबिया बहाराची बाग म्हटली म्हणजे चैत्र-वैशाखांत पाणी चालू ठेवावेंच लागतें, आणि ठिबकाचें पाणी जेथें पडतें तेथें संत्र्याच्या अगोदर गवत माजतें. तें उपटून बांधावर फेंकण्यापेक्षां कापून झाडाच्या आळ्यांत पसरिलें तर ओल टिकते, हें बहुतेकांस अनुभवानें पटलें आहे. त्यामुळें जें यंत्र मूळ थंड देशांतील हिरवळ राखण्यासाठीं निघालें, तें आमच्याकडे ऐन उन्हांत राबतें. असें यंत्र बाळगणारे सभासद आम्हांस वारंवार विचारितात कीं, उन्हाळ्यांत यांत तेल कोणतें घालावें. आणि बहुतेकांनीं प्रश्नाबरोबर उत्तरहि ठरवून आणिलेलें असतें कीं, ऊन फार, तेव्हां तेल जितकें जाड तितकें बरें. हें उत्तर अर्धें खरें आहे. त्या अर्ध्या खऱ्यापायीं आमचें स्वतःचें एक एंजिन गेलें, म्हणून याविषयीं चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहों.

प्रथम एक खुलासा. ज्या यंत्रांत पेट्रोल वेगळें व तेल वेगळें घालावें लागतें, त्या फोर-स्ट्रोक एंजिनाविषयींच हा लेख आहे. खांद्यास अडकवून चालवावयाच्या कित्येक यंत्रांत तेल पेट्रोलांतच मिसळावयाचें असतें. तीं टू-स्ट्रोक होत. त्यांचें तेल निराळें व रीतहि निराळी. एकाचें तेल दुसऱ्यास घालूं नये, एवढें सांगून तो विषय येथेंच सोडितों.

२०१८ सालच्या वैशाखांतली गोष्ट. नवें यंत्र घेऊन आम्हांस एक वर्षहि झालें नव्हतें. तेल बदलण्याची वेळ आली तेव्हां दुकानदारानें सांगितलें, "उन्हाळ्यांत पातळ तेलाचें पाणी होतें, जाड घेऊन जा." तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केलेल्या माणसानें यंत्राबरोबर आलेलें पुस्तक उघडून पाहावयास नको होतें काय ? पण पुस्तक कपाटांत राहिलें आणि जाड तेल यंत्रांत गेलें. एवढें जाड तेल घातल्यावर आतां चिंता नाहीं, अशा समजुतीनें पुढें बारा-तेरा दिवस आम्हीं गेज काढून पाहिलेंच नाहीं. बागेच्या खालच्या अंगास नाल्याकडे उतार आहे. तेथें एके दिवशीं अकरा वाजून गेल्यावरहि काम चालू ठेविलें. यंत्राचा आवाज बदलला, मजूर थांबावयाच्या आंत एक ठोका बसला आणि एंजिन जागच्या जागीं जाम झालें. दोरी ओढून फिरेना.

मिस्त्रीनें एंजिन खोललें तेव्हां कनेक्टिंग रॉडचें मोठें डोळें चाटून गेलेलें होतें आणि त्याचें ॲल्युमिनियम क्रँकला चिकटलेलें होतें. आम्हीं तेल जाड घातल्याची कैफियत मोठ्या तपशिलानें मांडिली. तो म्हणाला, "भाऊसाहेब, जाड-पतलं मंग पाहू. आंधी सांगा, गेज काढून तेल पायलं कवा होतं ?" आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. नवें यंत्र घेण्यास जें पडतें त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा खर्च दुरुस्तीस आला, आणि तेवढे दिवस विळ्यानें गवत कापण्याची मजुरी पडली ती निराळी.

त्यानंतर पुस्तक काढून वाचलें, मिस्त्रीपाशीं बसून विचारिलें, आणि जें समजलें तें असें.

तेल उष्णतेनें पातळ होतें हें कोणासहि सांगावयास नको. पौषांत मडक्यांतली काकवी कलथ्यास धरून बसते, तीच चैत्रांत धारेनें वाहते. एंजिनांत तेलानें दोन कामें करावयाचीं असतात. घासणाऱ्या दोन धातूंच्या मध्यें पातळसा थर धरून राहावयाचें, आणि तेथील उष्णता आपल्या अंगावर घेऊन बाहेर आणावयाची. फार पातळ झालें तर थर तुटतो. फार जाड असलें तर तें अरुंद जागीं वेळेवर पोंचत नाहीं. आमच्या यंत्रासारख्या कित्येक लहान एंजिनांत तेल चढविणारा पंपहि नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालीं एक लहान पळीसारखा भाग असतो, तो तळाच्या तेलांत बुडून प्रत्येक फेऱ्यास तेल वर उडवितो, आणि त्या उडालेल्या तेलावरच सर्व भाग जगतात. तेल अर्धा लिटरच्या थोडें वर, त्याहून अधिक नव्हे. त्यांतून शंभर-दीडशें मिलिलिटर जळून गेलें आणि यंत्र उतारावर तिरपें चाललें, कीं पळी तेलापर्यंत पोंचतच नाहीं. मग तेलाची प्रत कोणतीहि असो. आमचें एंजिन गेलें तें असेंच.

आतां डब्यावरील आंकडे. तेलांची ही प्रतवारी मोटारीच्या एंजिनिअरांच्या अमेरिकेंतील संस्थेनें १९११ सालीं प्रथम घालून दिली. त्या संस्थेच्या नांवाचीं आद्याक्षरें म्हणजेच एस्. ए. ई. डब्यावर नुसतें ३० असेल तर तें एकेरी प्रतीचें तेल. १०डब्ल्यू-३० असें असेल तर तें दुहेरी प्रतीचें. यांतील डब्ल्यू म्हणजे वजन, असें पुष्कळ दुकानदार सांगतात; तें बरोबर नाहीं. तें हिवाळ्याच्या इंग्रजी नांवाचें पहिलें अक्षर आहे. त्याच्या अलीकडील आंकडा थंडींत तेल किती सहज वाहील हें दाखवितो, आणि पलीकडील आंकडा एंजिन तापल्यावर त्याचा दाटपणा किती राहील हें. दाटपणा सेंटिस्टोक या मापानें मोजतात; खोलींतील साध्या पाण्याचा दाटपणा सुमारें १ सेंटिस्टोक भरतो. १०० अंश सेंटिग्रेडवर ३० प्रतीचें तेल ९.३ पासून १२.५ पर्यंत आणि ४० प्रतीचें १२.५ पासून १६.३ पर्यंत भरावें लागतें. म्हणजे आमचा वैशाख ज्या आंकड्याशीं बांधलेला आहे तो पलीकडचा. अलीकडच्या आंकड्याचें काम आमच्याकडे पौषांतल्या पहांटेसहि फारसें पडत नाहीं.

येथें कोणीहि विचारील कीं, नुसतें ३० आणि १०डब्ल्यू-३० हीं दोन्ही तापल्यावर सारखींच दाट, तर फरक तो काय ? फरक आहे. दुहेरी प्रतीचें तेल मुळांत पातळ असतें आणि तापल्यावरहि दाटपणा टिकावा म्हणून त्यांत कांहीं लांब कणांचीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. चालत्या एंजिनांत तीं हळूहळू तुटतात. शिवाय पातळ तेलाचा कांहीं अंश उष्णतेनें उडूनहि जातो. पाण्यावर चालणाऱ्या मोटारीच्या एंजिनास हें फारसें जाणवत नाहीं. पण गवताच्या यंत्रास पाणी नाहीं, रेडिएटर नाहीं. वारा लागेल तेवढेंच तें थंड होतें, आणि आमच्या वैशाखांत तो वाराच तापलेला असतो. म्हणून ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या अमेरिकन कारखान्याच्या पुस्तकांत स्पष्ट लिहिलेलें आहे कीं, ४ अंशांच्या वरच्या हवेंत नुसतें ३० वापरावें. १०डब्ल्यू-३० हें २७ अंशांच्या वरच्या हवेंत वापरल्यास तेल अधिक खर्ची पडेल, तेव्हां तें वरचेवर पाहत जावें. होंडाच्या लहान एंजिनांच्या पुस्तकांत मात्र सर्वसाधारण वापरास १०डब्ल्यू-३० सांगितलेलें आहे. दोन्ही कारखाने जुने व जाणते. दोघांचीं एंजिनें निराळीं. यास्तव शेजाऱ्याच्या यंत्रास कोणतें तेल मानवलें यावरून आपलें ठरवूं नये.

ह्या पुस्तकांतील उष्णमानाचीं कोष्टकें पाहतांना एक गोष्ट ध्यानांत येते. तीं बर्फाच्या देशांतील लोकांस सोईचीं व्हावींत अशा बेतानें केलेलीं असतात. शून्याच्या खालच्या अंशांस त्यांत भरपूर जागा, आणि चाळिसाच्या आसपास आलें कीं रकाने संपतात. अमरावती-नागपुराकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढणें नवें नाहीं, आणि तो सावलींतला. म्हणजे भर दुपारीं यंत्र चालविणारा शेतकरी पुस्तकाच्या बाहेर काम करीत असतो, आणि तेथें त्यास कारखान्याची हमी नाहीं. आम्ही आतां सूर्योदयास यंत्र काढितों व नऊच्या सुमारास ठेवून देतों. तेलाच्या निवडीपेक्षां ह्या एका गोष्टीचा गुण आम्हांस अधिक आला असें आमचें प्रामाणिक मत आहे.

नुसतें ३० प्रतीचें तेल आमच्या बाजारांत सहज मिळत नाहीं ही अडचण खरी. पुस्तकांत तें सांगितलें असेल तर तालुक्याच्या गांवाहून आणावें. वर्षास एक-दोन लिटरांचें काम, तें फार नाहीं. न मिळाल्यास १०डब्ल्यू-३० घ्यावें आणि गेज रोज पाहावा. मोटरसायकलीचें २०डब्ल्यू-४० प्रत्येक दुकानांत मिळतें, आणि पुष्कळांच्या यंत्रांत तेंच आहे. पुस्तकाची मनाई नसेल तर वैशाखांत त्यानें एंजिन बिघडतें असें आम्ही म्हणणार नाहीं. पण तें उन्हाळ्यास अधिक चांगलें म्हणून मुद्दाम घालावें, यासहि आधार नाहीं. त्याच्याहि पलीकडे जाऊन ५० प्रतीचें किंवा गिअर-बॉक्सचें तेल घालणारे आम्हीं पाहिले आहेत. त्यांस एवढेंच सांगणें कीं, पळीनें उडावयाचें तेल उडालें पाहिजे.

डब्यावर ए. पी. आय. या अक्षरांपुढें आणखी दोन अक्षरें असतात, त्यांकडेहि दृष्टि असावी. एस् नें आरंभ होणारीं पेट्रोल एंजिनाचीं, सी नें होणारीं डिझेल एंजिनाचीं. एस्-जे, एस्-एल्, एस्-एन् अशीं जसजसें पुढचें अक्षर तसतसें तेल नव्या कसोटीचें. पुस्तकांत जें सांगितलें असेल तें किंवा त्याच्या पुढचें चालतें, मागचें नको. सुटें, बिननांवाचें तेल स्वस्त मिळतें म्हणून कोणी घेऊं नये.

आतां गेजाविषयीं. यंत्र सपाट जागीं उभें करून, बंद केल्यावर थोडा वेळ जाऊं द्यावा. मग गेज पुसून पुन्हां घालून पाहावा. कांहीं एंजिनांत गेज नुसता टेकवून पाहावयाचा असतो, कांहींत पूर्ण आंवळून. या एका चुकीनें तेल कमी असतां पुरें दिसतें. वरच्या खुणेच्या वर तेल कधीं घालूं नये. अधिक तेल घुसळून फेंसाळतें, धूर होतो आणि हवेची जाळी तेलानें भिजते. आणि न घालतां तेल वाढलेलें दिसलें तर आनंद मानूं नये. बोटावर घेऊन वास पाहावा. पेट्रोलचा वास आला तर कारब्युरेटरमधून पेट्रोल झिरपून तळाशीं उतरत आहे असें समजावें, आणि कारब्युरेटर दुरुस्त करून सर्व तेल बदलल्यावांचून यंत्र चालूं करूं नये.

एंजिनाच्या अंगावरील पाकळ्या हा सर्वांत दुर्लक्षिलेला भाग होय. वाळलेल्या गवताची भुकटी पंख्याच्या जाळींतून आंत जाऊन पाकळ्यांच्या मध्यें ठासून बसते. आमच्या त्या एंजिनाचें झांकण काढिलें तेव्हां चिमणीचें घरटें असावें तसा भुगा निघाला. तो भुगा असतां कोणत्याहि प्रतीचें तेल पाकळ्यांचें काम करूं शकत नाहीं. उन्हाळ्यांत दर आठ दिवसांनीं कोरड्या ब्रशानें जाळी साफ करावी, आणि झांकण काढण्यापूर्वीं प्लगची वायर अवश्य काढून ठेवावी.

नव्या एंजिनाचें पहिलें तेल लवकर बदलावें लागतें. कांहीं पुस्तकांत ५ तासांनंतर, कांहींत २० तासांनंतर सांगितलेलें असतें. पुढें ५० किंवा १०० तासांनीं, ज्याच्या त्याच्या पुस्तकाप्रमाणें. आणि कडक उन्हांत व जड कामांत तो काळ निम्मा धरणें बरें. परंतु तास किती झाले हें कोणास सांगतां येतें ? आम्ही यंत्राच्या खोलींत खिळ्यास एक वही अडकविली आहे. तारीख, सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, गेज पाहिल्याची सही. मजूर प्रथम हंसले, आतां आपण होऊन लिहितात. गेल्या चार उन्हाळ्यांत त्या वहीवरूनच आम्हांस कळलें कीं, आमचें यंत्र चैत्रांत दहा तासांस जेवढें तेल खातें, त्याच्या जवळ जवळ दुप्पट वैशाखांत खातें.

तेल काढावयाचें तें एंजिन कोंबट असतां काढावें, म्हणजे गाळ त्याबरोबर उतरतो. यंत्र कलतें करावें लागल्यास पेट्रोल आधीं संपवावें आणि हवेची जाळी वरच्या बाजूस राहील असें कलतें करावें. काढलेलें काळें तेल विहिरीजवळ किंवा आळ्यांत ओतूं नये. डब्यांत भरून गॅरेजवाल्यास द्यावें. यंत्राबरोबर आलेलें पुस्तक हरवलें असल्यास एंजिनाच्या पत्र्यावरील मॉडेलचा आंकडा लिहून घेऊन विक्रेत्याकडून दुसरें मागवावें. तें मराठींत नसलें तरी तेलाचें कोष्टक आंकड्यांत असतें, आणि आपला रकाना बहुधा उजवीकडचा अखेरचा असतो.