गारठा, झड आणि चकवा : पावसाळी पदभ्रमणाची मराठी

मराठीतील प्रवासवर्णनांचा अभ्यास बहुतांशी स्थळाच्या अंगाने झालेला आहे. लेखक कोठे गेला, तेथे त्याने काय पाहिले, पाहिलेल्याशी त्याच्या संवेदनशीलतेचे नाते कसे जुळले, या प्रश्नांभोवती समीक्षा फिरत राहिली. पोहोचण्यापूर्वीचा भाग, म्हणजे पाठीवर ओझे घेऊन केलेली दीर्घ पायपीट आणि त्या पायपिटीत देहाने सोसलेले हवामान, बहुधा दोन वाक्यांत आटोपला जातो. समीक्षेनेही त्याची गणना तपशिलात केली. प्रस्तुत लेखात याच तपशिलाचा विचार केला आहे. डोंगरात थंडी, वारा आणि पाऊस एकत्र गाठतात तेव्हा मराठी भाषेजवळ त्या अवस्थेसाठी कोणते शब्द आहेत, आणि ते साहित्यात कोणत्या कामाला लावले गेले, हा मुख्य प्रश्न आहे. तो केवळ कोशकाराच्या आस्थेचा नाही. डोंगरात एखाद्या अवस्थेला नाव असणे किंवा नसणे यावर सोबत्याचा जीव अवलंबून असू शकतो.

उदाहरण म्हणून पन्हाळा ते विशाळगड हे पदभ्रमण घेता येते. 1660 च्या जुलै महिन्यात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज भर पावसात विशाळगडाकडे गेले आणि वाटेतील घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी पाठलाग रोखून धरला. पुढे तीच पावनखिंड झाली. या घटनेच्या स्मरणार्थ दरवर्षी जुलैच्या सुमारास अनेक संस्थांचे गट ही वाट चालतात. अंतर साठ किलोमीटरांच्या आसपास भरते, आणि ते सामान्यतः दोन किंवा तीन दिवसांत तोडले जाते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील तरुण या वाटेवर पूर्वीपासून दिसतात. दादरला महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडावी, सकाळी कोल्हापूर गाठावे आणि दुपारच्या आत मसाई पठारावर असावे, असा त्यांचा क्रम. समुद्रकाठच्या उबेत वाढलेला हा देह रात्रभराच्या प्रवासानंतर एकदम उघड्या जांभ्याच्या सड्यावर, आडव्या पावसात उभा राहतो. सांताक्रूझ येथे 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंश तापमानाची नोंद झाली, ती मुंबईच्या हवामानाच्या इतिहासात अजून सांगितली जाते. एवढ्यावरून मुंबईकराचा थंडीशी परिचय किती, हे ध्यानात यावे.

आता या वाटेचे वाङ्मयीन रूप पाहू. पोवाड्यांपासून चरित्रग्रंथांपर्यंत आणि रणजित देसाई यांच्या 'पावनखिंड' या कादंबरीपर्यंत ही रात्र मराठीत पुनःपुन्हा सांगितली गेली आहे. या कथनपरंपरेत पाऊस सामान्यतः दोन कामे करतो. तो पहारेकऱ्यांना गाफील करतो, आणि निसटणाऱ्यांवर पडदा धरतो. म्हणजे तो कथानकातील साहाय्यक आहे. चिखल आहे, निसरड आहे, विजा आहेत. पण पालखीच्या दांड्याखाली खांदा देऊन रात्रभर भिजत धावलेल्या माणसाला पहाटे थंडी वाजली असेल, या शक्यतेला तेथे फारशी जागा नाही. वीररसाच्या चौकटीत शौर्याला घाम चालतो, रक्त चालते, हुडहुडी चालत नाही. यात लेखकांचा दोष काढण्याचे कारण नाही. रसव्यवस्थेनेच ते दार बंद केलेले आहे.

दुसरी परंपरा सौंदर्यलक्ष्यी. उन्हाळ्याने होरपळलेल्या प्रदेशाच्या भाषेत पाऊस सुटका म्हणून येणार हे उघडच आहे. 'चिंब' हा शब्द मराठीत जवळजवळ सुखवाचक झाला आहे. थंडीचे विशेषण 'गुलाबी'. किल्ल्यांवरील ललित लेखनाने हीच शब्दकळा उचलली. गो. नी. दांडेकर यांच्या दुर्गलेखनात डोंगर हा सजीव सोबती आहे, आणि 'माचीवरला बुधा' या कादंबरीत तर मुंबई सोडून राजमाचीवर परतलेल्या म्हाताऱ्याच्या नजरेतून ऋतू येतात. परंतु बुधा तेथला आहे. पाऊस कोणत्या बाजूने येईल आणि कोठे आडोसा मिळेल, हे त्याला सांगावे लागत नाही. पाहुणा म्हणून आलेल्या शहरी चालणाऱ्याचे अज्ञान ही वेगळीच वस्तू आहे. दांडेकरांच्या अनेक अनुकरणकर्त्यांनी बुधाची भाषा उचलली, त्याचे ज्ञान मात्र त्यांच्याजवळ नव्हते.

येथे जाता जाता एक निरीक्षण नोंदवणे अस्थानी होणार नाही. दीर्घ पायपिटीचा अनुभव मराठी माणसाला नवा नाही. तो लिहिण्याचा प्रघात मात्र क्षीण आहे. गोडसे भटजी 1857 च्या धामधुमीतून गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईला परतले आणि त्यांचा 'माझा प्रवास' 1907 मध्ये छापला गेला. वाचक आणि समीक्षक त्यात बंड शोधतात, कावडीचे ओझे शोधत नाहीत. अण्णा भाऊ साठे लहान वयात वाटेगावहून मुंबईपर्यंत चालत आले. त्यांचे प्रवासवर्णन म्हणून नाव घेतले जाते ते 'माझा रशियाचा प्रवास' या पुस्तकाचे. काका कालेलकर जन्माने सातारचे, मातृभाषेने मराठी. त्यांचा हिमालयातील पायी प्रवास प्रथम गुजरातीत लिहिला गेला. गरजेने किंवा श्रद्धेने चालणाऱ्याला चालणे हा लेखनाचा विषय वाटत नाही. हौसेने चालणाऱ्याला तो वाटतो, पण तोवर शब्द दुसरीकडे राहिलेले असतात.

हे शब्द कोठे राहिले, याचे उत्तर 'झड' या एका शब्दावरून मिळू शकते. गिरगावातील चाळीत झड म्हणजे वाऱ्याबरोबर गॅलरीत शिरणारा पाऊस. झड येते म्हणून जूनच्या आरंभी गॅलरीला ताडपत्री बांधतात, वाळत घातलेले कपडे आत ओढतात, दाराशी गोणपाट टाकतात. म्हणजे झड ही बाहेरून आत येणारी, आणि जिच्यापुढे पडदा ओढता येतो अशी गोष्ट आहे. घाटमाथ्यावर तोच शब्द सतत लागून राहिलेल्या, दिवसचे दिवस न उघडणाऱ्या पावसासाठी वापरतात. झड लागली की उघडीप कधी मिळेल याचा भरवसा नसतो. मसाई पठारावर या दोन्ही अर्थांचा संयोग होतो. पाऊस आडवा येतो आणि थांबत नाही, आणि तेथे ओढून घेण्यासाठी ताडपत्री नसते. शब्द ओळखीचा असल्यामुळे गिरगावकराला वस्तूही ओळखीची वाटते, ही या ठिकाणची खरी अडचण आहे.

'गारठा' या शब्दाची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. 'गारठा' हा हवेचा गुण, 'गारठणे' ही देहाची अवस्था. पण हे क्रियापद फार मोठा पल्ला व्यापते. हात चोळत चहा मागणाराही गारठलेला असतो आणि उचलून न्यावा लागणाराही गारठलेलाच. वैद्यकाच्या दृष्टीने या दोहोंत मोठे अंतर आहे. देहाच्या गाभ्याचे तापमान 35 अंशांखाली गेले की धोक्याची अवस्था सुरू होते. प्रथम आवरता न येणारा कंप, मग बोटांची हालचाल मंदावणे, पाय अडखळणे, जीभ जड होणे, विचारात गोंधळ. तापमान आणखी खाली, 32 अंशांच्या आसपास किंवा त्याखाली गेले की कंप थांबतो. कंप थांबला म्हणजे माणूस सावरला असा सोबत्यांचा समज होतो, आणि तो नेमका उलटा आहे. यासाठी बर्फ लागत नाही. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. भिजलेले कपडे, वारा, उपाशी पोट आणि थकवा एकत्र आले की तापमापकातील आकडा शून्याच्या कितीतरी वर असतानाही हे घडू शकते.

लक्षणीय बाब अशी की या पायऱ्यांना मराठीत शब्द आहेत. 'हुडहुडी भरणे' हा अनावर कंप. 'काकडणे' यात कंपापेक्षा ताठरपणा अधिक. काकडलेल्या माणसाला सॅकचा बंद सोडता येत नाही, बोटे वळत नाहीत. 'बोबडी वळणे' ही वाणीची अवस्था. 'दातखिळी बसणे' आणि 'निपचित पडणे' त्याच्या पुढच्या. हे वाक्प्रचार एका ओळीत मांडले तर अवस्थांचा एक क्रम तयार होतो. पण भाषेत ते एका ओळीत नाहीत. हुडहुडी तापाकडे गेली, बोबडी आणि दातखिळी भीतीकडे गेल्या. आज 'त्याची बोबडी वळली' हे वाक्य वाचल्यावर वाचकाला समोर वाघ किंवा वरिष्ठ अधिकारी दिसतो, पाऊस दिसत नाही. कथाकादंबऱ्यांनी या वाक्प्रचारांतील देह पुसून त्यांना अलंकार केले. इंग्रजीभाषक गिर्यारोहकांत याच लक्षणांसाठी सारख्या उच्चाराच्या चार क्रियापदांची एक जुडी प्रचलित आहे, आणि ती नवख्यांना पाठ करून घेतात. मराठीत चडफड, धडपड आणि बडबड ही शब्दत्रयी तयारच आहे. एरवी शांत असलेला सोबती विनाकारण चडफडू लागला, सपाटीवर धडपडू लागला, असंबद्ध बडबडू लागला, की थांबून त्याचे ओले कपडे काढावेत, असे शिकवायला याहून सोपे शब्द मिळणार नाहीत.

याउलट हिमालयीन मोहिमांच्या लेखनाने नवी परिभाषा घडवली. मुंबईच्या 'गिरिविहार' या 1954 साली स्थापन झालेल्या संस्थेने 1988 मध्ये 8586 मीटर उंचीच्या कांचनजंगावर मोहीम नेली. अशा मोहिमांच्या वृत्तांतांतून हिमदंश, हिमवादळ, हिमनदी, हिमभेग असे शब्द वाचकांच्या परिचयाचे झाले. 'हिमदंश' हा तर सुंदर घडलेला शब्द आहे. पण हिमदंशाची गाठ पडण्यासाठी हिमालयात जावे लागते. चार महिने पावसात भिजणाऱ्या सह्याद्रीतील ओल्या थंडीसाठी मात्र 'हायपोथर्मिया' हा परका शब्द जसाच्या तसा घ्यावा लागतो. दूरच्या संकटाला संस्कृतोद्भव प्रतिष्ठा मिळाली, जवळचे बिननावाचे राहिले.

तिसरा शब्द 'चकवा'. रानात, विशेषतः रात्री किंवा धुक्यात, माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच जागी येतो. त्याला चकवा लागला असे कोकणात व घाटावर म्हणतात आणि त्याचे कर्तृत्व एखाद्या अमानवी शक्तीकडे देतात. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी या समजुतीची नोंद भुताखेतांच्या प्रकरणात केली. तिच्यातील निरीक्षण मात्र अचूक आहे. जर्मनीतील जंगलात आणि ट्युनिशियातील वाळवंटात यान सोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, सूर्य वा चंद्र दिसत नसेल तर सरळ चालण्याचा प्रयत्न करणारी माणसे वर्तुळात फिरतात, आणि त्यांना ते कळत नाही. डोळे बांधले असता ही वर्तुळे वीस मीटर व्यासाइतकी लहान होऊ शकतात. धुक्याने भरलेले मसाई पठार याहून वेगळे नाही. सड्यावर पायवाट उमटत नाही, खूण म्हणून धरावे असे झाड नसते, आणि दहा पावलांवरील सोबती दिसेनासा होतो.

चकव्यावरचा पारंपरिक उपाय असा की, चालणे थांबवावे, एका जागी बसावे आणि उजाडण्याची वाट पाहावी. वाट चुकलेल्यासाठी हा सल्ला योग्यच आहे. आजचे प्रशिक्षकही तोच देतात. पण गारठ्यावरचा पारंपरिक उपाय याच्या नेमका विरुद्ध आहे. बसू नये, हातपाय हलवत राहावे, चालते राहावे. कोकणातील उबदार रानात चकवा लागला तर बसून राहिल्याने फारसे बिघडत नाही. जुलैत घाटमाथ्यावरील उघड्या पठारावर, भिजलेल्या सुती कपड्यांत, वाऱ्याच्या तोंडाशी बसून राहणे प्राणावर बेतू शकते. तेथे चालावे तर कड्याकडे, बसावे तर काकडून जावे, असा पेच पडतो. साहित्यात हा पेच येत नाही, कारण चकवा भयकथेत राहतो आणि गारठा ललित निबंधात. त्यांची गाठ एका पानावर पडत नाही.

हा पेच सुटतो तो तिसऱ्या एका शब्दाने, आणि तो शब्द ग्रंथांतून आलेला नाही. पन्हाळा-विशाळगड वाटेवर धनगरवाडे लागतात. धनगर पावसात घोंगडीची खोळ करून घेतो. एका बाजूचे टोक आत दुमडून केलेली ही टोपडी डोक्यावर घेतली की मान, पाठ आणि खांदे एकाच वेळी झाकले जातात. लोकर भिजली तरी बरीच ऊब धरून ठेवते, सूत ती धरत नाही. खोळ पांघरून वाऱ्याकडे पाठ करून बसलेला माणूस बसूनही टिकतो. म्हणजे 'बसावे' आणि 'गारठू नये' या दोन सल्ल्यांतील विरोध ज्याच्या अंगावर खोळ आहे त्याच्यापुरता उरत नाही. शहरी चालणाऱ्याने पोंचो, विंडचीटर किंवा प्लॅस्टिकचा कागद घ्यावा, आत लोकरी बनियन घालावे, कोरडे कपडे सॅकमध्ये पिशवीत बांधून ठेवावेत, हा त्याच तत्त्वाचा अनुवाद आहे.

लालबाग-परळचा संबंध येथे वेगळ्या रीतीने येतो. गिरणगावात वसलेल्या कुटुंबांत कोल्हापूर, सातारा आणि कोकणातून आलेली कुटुंबे फार मोठ्या संख्येने होती, आणि विशाळगड ज्या शाहूवाडी तालुक्यात येतो तो त्याच पट्ट्यातला. अशा घरांत खोळ, इरले, झड, उघडीप हे शब्द आजी-आजोबांच्या बोलण्यात जिवंत होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, कित्येक कुटुंबे गावी परतली, आणि मुंबईतच वाढलेल्या पिढीत या शब्दांचा वापर विरळ झाला. गिरगाव-दादरच्या वाचनालयांत दुर्गसाहित्य भरपूर होते. त्यात हे शब्द आढळतात, पण स्थानिक रंग म्हणून, अवतरणचिन्हांत. एकाच पदभ्रमणात पुस्तके वाचून आलेला गिरगावकर आणि आजोबांची घोंगडी घरी ठेवून आलेला लालबागकर शेजारी शेजारी कुडकुडतात, यात विनोद आहे तसा भाषेच्या प्रवासाचा इतिहासही आहे.

पदभ्रमणापूर्वी वाटली जाणारी सूचनापत्रके हा मराठी गद्याचा एक उपेक्षित प्रकार म्हणून अभ्यासण्यासारखा आहे. त्यांत 'काय आणावे' याची यादी असते, आज्ञार्थी रूपे असतात, आणि सुती कपडे टाळण्याची सूचना हमखास असते. तिचे कारण क्वचितच दिलेले असते. कारण द्यायचे तर भिजलेल्या सुती सदऱ्यात माणसाचे काय होते हे पायरीपायरीने सांगावे लागते, आणि त्यासाठी हुडहुडी, काकडणे, बोबडी हे शब्द हाताशी आहेत. पत्रक लिहिणारा मात्र 'हायपोथर्मिया होऊ शकतो' एवढे लिहून पुढच्या ओळीवर, विजेरीच्या जादा सेलकडे, वळतो.