संगणकाला कोणत्या भाषेत सांगावे?

समजा, घाटनांदूरला आलेल्या मामूंना परळीला जायचे आहे. आपण सांगतो, "मामू, स्टेशनवर जा, तिकीट काढा आणि परळीच्या गाडीत बसा." एवढे पुरते. पण "उजवा पाय उचला, पुढे टाका, आता डावा उचला," असे सांगत बसलो तर? परळी राहील दूर, मामू अंगणातच कंटाळतील!

असेंब्ली भाषेत संगणकाला असेच पावलापावलाने सांगावे लागते. साधी बेरीज करायची, तरी पहिली संख्या आत आण, दुसरी तिच्यात मिळव, उत्तर अमुक जागी ठेव, अशा वेगवेगळ्या आज्ञा द्याव्या लागतात. सी किंवा फोरट्रान भाषेत हेच काम एका ओळीत होते. त्या ओळीचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर कंपायलर नावाचा दुभाषी करतो.

पूर्वी असा दुभाषी सगळीकडे नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. त्याचे कार्यक्रम बहुतेक यंत्राच्याच भाषेत लिहावे लागत. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकन संगणक आला. त्यावर फोरट्रान चालत असे. टिफ्रॅकसाठी खपून लिहिलेल्या आज्ञा मात्र या नव्या यंत्राला कळणाऱ्या नव्हत्या.

असेंब्लीचेही दुखणे हेच. यंत्र बदलले की लिहिलेले वाया जाते. शिवाय हजारो बारीक आज्ञांत चूक कोठे आहे, हे शोधताना जीव मेटाकुटीला येतो. १९८३ साली आलेला लोटस १-२-३ हा हिशेबाचा कार्यक्रम असेंब्लीत लिहिलेला होता. तो फार वेगवान होता, हे मान्य केले पाहिजे. पण १९८९ ची त्याची तिसरी आवृत्ती सी भाषेत नव्याने लिहावी लागली.

काही हुशार मुले विचारतात, "असेंब्लीने वेग वाढतो, तर सगळेच तिच्यात का लिहू नये?" पण कार्यक्रमाचा बराचसा वेळ त्याच्या थोड्याशाच भागात खर्च होतो. तेवढाच भाग असेंब्लीत लिहिला, तर श्रमांचे चीज होते. जो भाग आपण बटण केव्हा दाबतो याची वाट पाहत थांबलेला असतो, तो वेगवान करून काय मिळणार? आणि आजचे कंपायलर इतके तरबेज आहेत, की त्यांच्यावर मात करणे चांगल्या जाणकारालाही सोपे नाही.

ख्रिस सॉयर यांनी १९९९ चा रोलरकोस्टर टायकून हा खेळ जवळजवळ सगळा असेंब्लीत लिहिला. असा माणूस विरळा. एरवी संगणक सुरू होतानाचा अगदी पहिला भाग आजही असेंब्लीत लिहितात. पण तो थोड्याच ओळींचा असतो.